बायकोची हजेरी

बायको ओटा पुसत होती आणि मी बटाटे सोलत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मी विचार करतेय, आईकडे जाऊन राहावं."

"किती दिवस?"

"दिवस नाही रे."

मी आणखी एक बटाटा सोलला. दिवस नाही म्हणजे महिने असणार, आणि महिने असतील तर निळी बॅग पुरणार नाही, असं माझ्या डोक्यात आलं. मी ते बोलूनही दाखवलं. मला वाटलं ती हसेल. ओटा पुसून झाला होता तरी तिने तो पुन्हा पुसायला घेतला.

आमच्यात भांडण नव्हतं. हे मी नंतर सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांना ते चांगलं लक्षण वाटलं. फक्त माझ्या ताईला वाटलं नाही. ती म्हणाली, "भांडणसुद्धा नाही? मग आठ दिवस बाहेर जाऊन या दोघं. माणसं बाहेर पडली की सुधारतात." ताई आणि भावजी आदल्या वर्षी ज्या सहलीला जाऊन आले होते, तीच तिने सुचवली. भावजी सुधारले नव्हते, पण काळे झाले होते.

सहल अशी होती: चार दिवस तीन जुनी शहरं, मग तीन दिवस जहाजातून तीन बेटं, आठव्या दिवशी परत. बायकोने माहितीपत्रक शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांसकट वाचलं आणि म्हणाली, "जाऊ या. सहल संपते त्या बंदरावरून दोन बस सुटतात. एक आपल्याकडे येते, एक आईच्या गावाला जाते. मी कुठल्या बसमध्ये बसायचं ते तिथे ठरवते."

"आणि मी?"

"तू आपल्याच बसमध्ये. आईला तू दोन दिवसांच्या वर झेपत नाहीस."

हे खरं होतं. सासूबाईंनी मला ते तोंडावर सांगितलेलं होतं.

मी बाटल्यांच्या कारखान्यात हजेरी बघतो. म्हणजे कोण आहे आणि कोण नाही, हे मला पगारापुरतं कळतं. फाटकाशी माझी केबिन आहे आणि केबिनशेजारी भिंतभर एक बोर्ड. बोर्डावर चारशे बारा खिळे, प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. बिल्ल्याची एक बाजू लाल, दुसरी निळी. आत आलात की निळी करायची, बाहेर पडलात की लाल. पूर्वी एकदा भट्टीपाशी आग लागली होती आणि एका माणसाला दोन तास धुरात शोधलं. तो घरी जेवत होता. तेव्हापासून ही पद्धत आली. त्या माणसाला अजूनही सगळे जपून वागवतात.

नियम एकच आहे: ज्याचा बिल्ला, त्यानेच फिरवायचा. हा नियम मी चारशे अकरा लोकांना लावतो.

चारशे बारावी बायको. ती तपासणीला आहे. उजेडाच्या काचेसमोर बसायचं आणि पुढून सरकणाऱ्या बाटल्यांतली तडा गेलेली बाटली उचलायची, हे तिचं काम. तपासणीला मागचं दार जवळ पडतं. सात वर्षांपूर्वी एका सकाळी तिला उशीर झाला होता. तिने लांबूनच माझ्याकडे बघून हात हलवला आणि मी तिचा बिल्ला फिरवला. आमचं जे काही झालं ते तिथून झालं. इतरांनी एकमेकांना फुलंबिलं दिली असतील. पुढे लग्न झालं, तरी तिने मागच्या दाराने जायचं आणि बिल्ला मी फिरवायचा, हे चालूच राहिलं. सकाळी निळा, संध्याकाळी लाल. आधी माझा, मग तिचा, एकाच झटक्यात. ती बोर्डासमोर उभी राहिल्याचं मला आठवत नाही.

तर आम्ही निघालो.

आमच्या गटात तेवीस जण होते. गाइडबाईंचा आवाज बसलेला होता आणि हातात उंच काठी होती. लोकांनी हरवू नये म्हणून काठीच्या टोकाला त्यांनी एक पिवळा पायमोजा बांधला होता. तो कोणाचा, हे त्यांनी आठ दिवसांत सांगितलं नाही. बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर दातांचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको होती. डॉक्टर माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता थेट तोंडात बघायचे. ओळख करून देताना मी हसलो तर ते म्हणाले, "डावीकडे, वर, मागून दुसरी." पुढे तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मी तीन दिवस जीभ तिथेच ठेवून फिरलो.

पहिलं शहर तटाच्या आत होतं. अरुंद गल्ल्या, दगडी पायऱ्या, प्रत्येक खिडकीत कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी. गाइडबाईंनी आम्हाला एका बुरुजावर नेलं आणि म्हणाल्या, "या खिडकीत बसून राजाने राणीची अकरा वर्षं वाट पाहिली."

"राणी कुठे गेली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेजारच्या शहरात. ते आपण परवा बघणार आहोत."

परवा आम्ही ते बघितलं. बसने पन्नास मिनिटं लागली. राणीचा महाल साधा होता, पण खोल्यांना उजेड भरपूर होता. एका खोलीत नुसतं लिहायचं मेज होतं, एकीत नुसती झोपायची जागा. बायको प्रत्येक खोलीत माझ्यापेक्षा जास्त वेळ थांबत होती.

"तिला परत जायचं नव्हतं का?" तिने विचारलं.

गाइडबाई म्हणाल्या, "राजाने निरोप पाठवल्याची कुठे नोंद नाही. वाट पाहिल्याची आहे."

बायकोने माझ्याकडे बघितलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"निरोप्या रजेवर असेल," मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई हसल्या. बायको पुढच्या खोलीत गेली.

महालातून बाहेर पडल्यावर गाइडबाई डोकी मोजायला लागल्या. त्यांची मोजणी बावीसवर थांबत होती. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा बावीस. हे माझं क्षेत्र असल्यामुळे मी पुढे झालो. म्हटलं, "बाई, थांबा, उगीच घाबरू नका," आणि एका दमात तेवीस मोजून दाखवले. गाइडबाई खूश झाल्या. काठीवरचा पायमोजा वर झाला, बस सुरू झाली. तेवढ्यात महालाच्या दारातून बायको पळत येताना दिसली.

ती शेजारी बसली तेव्हा तिला धाप लागली होती.

"तू मोजलंस?"

"हो."

"त्यात मी होते?"

"तू असतेसच," मी म्हणालो. मला हे प्रेमाचं वाक्य वाटत होतं. अजूनही पूर्णपणे वाटेनासं झालेलं नाही.

"मी नळावर पाणी पीत होते," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बसगाड्या उभ्या करायचा तळ होता. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तिच्यामागून मीही तेच बघत होतो.

तिसऱ्या शहरात जुना तुरुंग होता. तिथे पाहुण्यांना दोन-दोन करून कोठडीत घालत आणि एक मिनिट दार लावून घेत. कोठडी एवढीशी होती की आम्हाला एकमेकांच्या खांद्यावरून बोलावं लागलं.

बायको म्हणाली, "एक विचारू? पण नीट उत्तर द्यायचं."

"विचार."

"मी गेले तर तुझं काय होईल?"

माझ्याकडे उत्तर होतं. ते पोटात कुठेतरी होतं आणि निघालंही होतं. पण वाटेत त्याच्या पुढे दुसरं काहीतरी घुसलं. माझं नेहमी असं होतं. खरं वाक्य सभ्य असतं, ते दुसऱ्याला आधी जाऊ देतं.

"रोज एक बिल्ला कमी फिरवावा लागेल," मी म्हणालो.

मिनिट संपायला अजून चाळीस सेकंद होते. तुरुंगातल्या शिक्षेबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे, पण इतक्या थोड्या वेळात इतकी शिक्षा कुणाला झाल्याचं वाचलेलं नाही.

पाचव्या दिवशी आम्ही जहाजावर चढलो. माहितीपत्रकात ते जहाज होतं, प्रत्यक्षात दुमजली होडी होती. खाली खोल्या, वर खुर्च्या. आणि चढायच्या शिडीशेजारी, भिंतीला, एक बोर्ड.

चाळीस खिळे. चाळीस पत्र्याचे बिल्ले. एक बाजू लाल, एक बाजू निळी.

शिडीवाला म्हणजे शिडी लावणारा आणि ओढून घेणारा एक वयस्कर खलाशी होता. त्याने सगळ्यांना उभं करून सांगितलं, "बेटावर उतरताना लाल, परत चढताना निळा. ज्याचा त्यानेच फिरवायचा. सगळे निळे झाले की मी शिडी ओढतो आणि आपण निघतो, मग घड्याळात कितीही वाजलेले असोत. मी माणसं मोजत नाही. माणसं हलतात."

मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

"आलं तुझं माहेर," बायको कानाशी म्हणाली. कोठडीनंतरचं हे तिचं पहिलं लांब वाक्य.

माझा नंबर सतरा, तिचा अठरा. पहिल्या बेटावर उतरताना ती बोर्डापाशी थांबली, बिल्ला उचलला, उलटासुलटा बघितला. "किती हलका असतो रे," ती म्हणाली, "मला वाटायचं जड असेल." मग तो लाल बाजूने लावला आणि नीट लागलाय ना हे बोटाने हलवून बघितलं. परत येतानाही तिने स्वतःच फिरवला. मी मागे हात बांधून उभा होतो. सोपं नव्हतं.

पहिल्या बेटावर बाजार होता. दुसऱ्या बेटावर फक्त बकऱ्या होत्या. नकाशात तिथे प्रेक्षणीय स्थळं म्हणून तीन खुणा होत्या. त्यातली पहिली सापडण्याआधीच एका बकरीने नकाशा खाल्ला. तिने तो घाई न करता, कडेकडेने खाल्ला, आणि समुद्राचा भाग शेवटी ठेवला. बायको हसायला लागली. हसता हसता खाली बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मी तिच्याशेजारी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर काहीच बोललो नाही, कारण बकरीने जे केलं होतं त्यात भर घालणं शक्य नव्हतं.

बराच वेळ आम्ही तसेच बसलो. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं.

"तू गप्प असलास की बरा असतोस," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आपल्याकडच्या बसला गर्दी असते का रे? खिडकी मिळते?"

"म्हणजे तू आपल्याकडच्या बसने...?"

"बघू. विचार करतेय म्हटलं. नाचू नकोस."

मी नाचत नव्हतो. पण रात्रभर माझा उजवा पाय हलत होता, असं तिने सकाळी सांगितलं.

तिसऱ्या बेटावर दीपगृह होतं. जहाज बाराला सुटणार होतं. दीपगृहाला दोनशे नऊ पायऱ्या होत्या आणि माझ्या गुडघ्याला नव्वदपर्यंतच्या चालतात. नव्वदाव्या पायरीवर मी टेकलो तेव्हा ती म्हणाली, "तू हो पुढे. मी वर जाऊन बाराच्या आत आलेच."

"नक्की?"

"अरे हो. जा, खुर्च्या पकड."

मी खाली आलो. ऊन छान होतं. धक्क्यावर कोणीतरी जाळं विणत होतं, मी त्याला उगीचच नमस्कार केला. डोक्यात बस होती. बसमध्ये खिडकीशी ती आणि तिच्याशेजारी मी. घरी गेल्यावर स्वयंपाकघराला रंग काढायचा, तिला हवा होता तो. मी शीळ घालत शिडी चढलो. हात वर गेला, सतरा फिरवला आणि त्याच झटक्यात अठरा फिरवला.

मी मुद्दाम केलं नाही. विसरून केलं असंही नाही. सात वर्षं मी जेव्हा जेव्हा खुशीत आत आलो, तेव्हा दोन बिल्ले फिरवले. एकच फिरवायचा तर मला दुःखी असावं लागलं असतं.

वर जाऊन मी दोन खुर्च्या पकडल्या, एकीवर तिचा टॉवेल टाकला, दुसरीत आडवा झालो आणि टोपी तोंडावर घेतली. इंजिन सुरू झालं. थोड्या वेळाने शेजारची खुर्ची करकरली आणि कुणीतरी सुस्कारा सोडून आडवं झालं. मी टोपी काढली नाही. टोपीखाली अंधार होता, आणि त्या अंधारात ते कोठडीतलं वाक्य परत यायला लागलं. आता त्याच्या वाटेत कुणी नव्हतं.

"तू विचारलं होतंस ना," मी टोपीतच म्हणालो, "तू गेलीस तर काय होईल. मला घरात कुठे बसायचं ते सुचणार नाही. खरंच सांगतोय. तू रविवारी आईकडे जातेस ना, तेव्हा मी एकेका खुर्चीत बसून बघतो. कुठलीच जमत नाही. शेवटी जिन्यात जाऊन बसतो."

"हं," शेजारून आलं.

अलीकडे बायको एवढंच म्हणायची, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी पुढे बोलत राहिलो. म्हणालो की मला विनोद करायचे नसतात, ते होतात, शिंकेसारखे. म्हणालो की मी तुला मोजताना बघत नाही, कारण तू नसण्याची भीती वाटते. हे मला बोलता बोलताच कळलं. म्हणालो की मी प्रयत्न करीन. इतकं सलग मी लग्नातसुद्धा बोललो नव्हतो.

"हं," पुन्हा आलं. जरा जाड.

मी टोपी काढली. शेजारच्या खुर्चीत दातांचे डॉक्टर होते. बायकोचा टॉवेल त्यांनी डोक्यावर घेतला होता.

"चांगलं बोललात," ते म्हणाले. "पण हे मिसेसना सांगा."

"तुम्ही थांबवलं का नाही?"

"तोंड उघडलेल्या माणसाला आम्ही थांबवत नाही."

बेट मागे कुठेच दिसत नव्हतं. घड्याळात दीड वाजला होता. मी खोलीत बघून आलो, खालच्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलापाशी. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अहो, तुमची मंडळी कुठे?" मी "वर" म्हणालो. आणि त्या म्हणाल्या, "वरूनच तर आले मी."

इथून पुढचं मला सांगायला आवडत नाही.

डॉक्टरीणबाईंनी शिडीवाल्याला बोलावलं. त्याने बोर्ड बघितला. अठरा निळा. "जहाजावरच आहेत," तो शांतपणे म्हणाला, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. मग सगळं जहाज शोधायला निघालं. खोल्या, न्हाणीघरं, इंजिनाची खोली. आचाऱ्याने बर्फाच्या पेटीचं झाकण उघडून बघितलं आणि मला बघायला लावलं. गाइडबाईंनी मोजा लावलेली काठी घेऊन दोन्ही मजल्यांवर चकरा मारल्या. मी सगळ्यांबरोबर शोधत होतो. कपाटंसुद्धा उघडत होतो.

मला माहीत होतं. शिडीवाल्याने "अठरा निळा" म्हटलं तेव्हाच माझ्या हाताला आठवलं होतं. पण हजेरी हा माझा एकच गुण होता, जगात एवढं एकच काम मला नीट येत होतं. म्हटलं, एवढी दोन कपाटं बघू, मग सांगू. मग आणखी दोन.

जहाज आतून संपलं. कप्तान खाली आला, बोर्डाकडे बघितलं, मग पाण्याकडे बघितलं, आणि इंजिन बंद करायला सांगितलं. ते बंद झालं तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना कळलं की ते आतापर्यंत किती आवाज करत होतं. बावीस प्रवासी आणि सगळे खलाशी कठड्याशी उभे राहून पाणी बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी माझा हात धरला. "धीर धरा," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाऐवजी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"बिल्ला मी फिरवला," मी म्हणालो.

कुणाला कळलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं. "तिचा बिल्ला मीच फिरवला. ती चढलीच नव्हती. ती बेटावर आहे."

डॉक्टरीणबाईंनी हात सोडला. शिडीवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की ते बघणं मी ओळखलं. मी फाटकावर लोकांकडे तसंच बघतो.

कप्तानाने वायरलेसवर बेटाला विचारलं. उत्तर आलं की धक्क्यावर एक बाई बसल्या आहेत, सुखरूप आहेत, त्यांना दीपगृहवाल्यांकडे जेवायला नेतायत, उद्या सकाळच्या टपालाच्या बोटीने बंदरावर पाठवतो. कप्तानाने विचारलं, काही निरोप आहे का. तिकडून बराच वेळ खरखर आली. मग, "नाही म्हणतात."

"तुमचा काही निरोप?" कप्तानाने मला विचारलं.

वायरलेसच्या खोलीत सात जण होते. त्यातल्या एकाने सगळं आधीच ऐकलेलं होतं.

"तिला म्हणावं," मी म्हणालो, "तिची बॅग माझ्याकडे आहे."

टपालाची बोट सकाळी दहाला लागली. मी आठपासून धक्क्यावर उभा होतो. ती उतरली तेव्हा तिच्या अंगावर कुणाचातरी भलामोठा स्वेटर होता, त्यामुळे ती आधी मला ओळखूच आली नाही. ते तिच्या लक्षात आलं.

"जेवलीस?" मी विचारलं.

"हो. चांगली माणसं होती. त्यांची सून दिवसभर माझ्याशी बोलत होती. तिला तिकडे बोलायला कुणी नाही."

आम्ही बसच्या थांब्याकडे चालायला लागलो. बॅगेचं एक चाक वाजत होतं.

"मी पाच मिनिटं आधी आले होते," ती म्हणाली. "घड्याळ बघितलं मी. बाराला पाच कमी. आणि जहाज चाललेलं. आधी मला हसूच आलं. म्हटलं, माझा बिल्ला लाल आहे, आता थांबतील, वळतील. उभी राहिले. ते लहान लहान व्हायला लागलं. मग कळलं."

"मी..."

"मी वरून खाली पळत येत होते ना, तेव्हा ठरवलं होतं. आपल्याकडच्याच बसने जायचं. तुला जहाजावर सांगणार होते." ती थांबली आणि माझ्या हातातून बॅग घेतली. "दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर बायको दिसत नाही म्हणून ओरडला असता. तू मला हजर लावलंस."

"मी खुशीत होतो म्हणून फिरवला."

"ते माहितेय मला."

"खरंच. मी डॉक्टरांना सगळं सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांना?"

मी सांगितलं. टोपीचं, टॉवेलचं, जिन्यात बसण्याचं. तेच शब्द, त्याच क्रमाने. पण दुसऱ्यांदा सांगताना त्यात डॉक्टर आले होते, आणि डॉक्टर आले की ते सगळं गमतीचं व्हायला लागलं. मी ते थांबवू शकलो नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हं म्हणाले."

तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. एवढं मी अजून करू शकत होतो. "चार दिवस उशिरा आणि चुकीच्या खुर्चीला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी सुचलं असतं.

दोन्ही बस शेजारी शेजारी उभ्या होत्या. ती सासूबाईंच्या गावाच्या बसपाशी गेली, बॅग आत दिली आणि चढली. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. निरोप घेऊन झाला होता. बस सुटायला हवी होती, पण ड्रायव्हर पुढचं चाक लाथ मारून बघत होता. त्याला ते पसंत पडलं नाही. तो पाना आणायला गेला.

"आईला नमस्कार सांग," मी म्हणालो.

"सांगते."

"तुझं रजेचं बघतो मी."

"नको. मी फोन करीन त्यांना."

ड्रायव्हर पाना घेऊन आला, पाना बसेना, म्हणून दुसरा आणायला गेला.

"तुझी बस निघेल," ती म्हणाली.

"थांबतो."

"उन्हात उभा आहेस."

"चालतंय."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, जशी ती बाटलीकडे बघते तशी, उजेडात धरून. मग तिने पडदा ओढला. पडद्यावर बदकं होती. बस पुढे वीस मिनिटं तिथेच उभी होती आणि मी त्या बदकांसमोर. माझी बस मागून निघून गेलेली मला ऐकू आली. ड्रायव्हर चाकाखालून बाहेर आला, हात पुसले, मला म्हणाला, "बसायचंय का तुम्हाला? जागा आहे."

"नाही," मी म्हणालो, "सोडायला आलोय."